वहिफणी

कीथलीच्या जुन्या गिरणीत आता ऑफिसं आहेत.
दुसऱ्या मजल्यावर तीन खोल्या, लिनेट सगडनच्या.
ती कानाची मशिनं बसवून देते.
मला बोलावलं ते वायफायसाठी:
तपासणीच्या खोलीत ते पोचतच नाही.

पोचणार कसं? मधली भिंत हातभर जाड, दगडी.
आणि राउटर कुंडीमागे दडवलेला,
बरा दिसत नाही म्हणून.
म्हटलं, बाई, त्याला नवरीसारखं बसवू नका कोपऱ्यात,
कोंबड्यासारखं बसवा, उंच, मोकळ्यावर.
ती हसली. कुंडी मात्र हलवली नाही.

मग वायर ओढायची ठरली.
भिंतीला दोन्हीकडून ड्रिल लावलं,
पिवळी पूड पडली, आणि पुडीमागून
मळकट लोकरीचा एक पुंजका,
बोटाला चिकटला, अजून मेंढीचा वास.
किती वर्षं तो आत होता कुणास ठाऊक.
टाकवेना. खिडकीत ठेवला.

आता टोकं.
वरची साल सोलली की आत आठ तारा, जोडीजोडीनं पिळलेल्या.
पीळ उलगडायचा, अंगठ्याखाली सरळ करायच्या:
पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा,
पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी.
हे मी ओठांत म्हणते. शाळेत रामरक्षा म्हणायचे तशी,
अर्थ बाजूला ठेवून.

फोन टूलबॉक्सला टेकवलेला. पलीकडे इचलकरंजीत बाबा,
दुपारची झोप झालेली, गळ्यात पंचा.
तीस वर्षं वहिफणी ओढली त्यांनी:
एकेक सूत वहीच्या डोळ्यातून, मग फणीच्या फटीतून,
एक टोक चुकलं तर सबंध थानभर रेघ.
कान मागांनी नेले, चाळिशीच्या आतच.
ते आता माणसांची तोंडं वाचतात.

स्क्रीनला नाक लावून म्हणाले, "आठच?"
मी मान हलवली.
"मी चोवीसशे ओढायचो. एका बीमला."
मग जरा थांबून, "कडेचं आखूड वाटतंय."
मी हातानंच उडवून लावलं. चेंगट नेटवर्क,
चेहराही धड दिसत नाही, यांना टोक दिसतं.
कनेक्टर चढवला, पक्कड दाबली. कट्.

लिनेट चहा घेऊन आली, वाकून बघितलं.
तिची आई इथेच विणायची, याच मजल्यावर;
आवाजात काही ऐकू यायचं नाही,
बायका नुसत्या ओठांनी गप्पा मारायच्या,
या टोकापासून त्या टोकापर्यंत, साहेबाची नालस्तीसुद्धा.
तिनं ओठ मोठे करून, सावकाश, इंग्रजीत
बाबांना विचारलं, मशीन वापरता का?
बाबा म्हणाले, "जेवलो, जेवलो. तुम्ही?"

एका जोडीची किंमत मी तिला विचारली.
तिनं सांगितली.
मी चहा संपवला.

वायर लावली. दिवा लागला, पण पिवळा.
चालत होतं, पण दहापट हळू.
उघडून भिंगातून पाहिलं:
तपकिरी. कडेचं. पात्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

टोक छाटलं. पुन्हा साल, पुन्हा पीळ, पुन्हा ते आठ रंग,
या वेळी मोठ्यानं.
हिरवा.

मग पलीकडच्या खोलीतून पिंग केलं.
ते चारदा हाक मारतं, आहेस का,
आणि पलीकडचं चारदा ओ देतं,
मध्ये एक मिलिसेकंदही जात नाही.
आमच्या घरात एका हाकेला
उठून, समोर जाऊन, खांद्याला हात लावावा लागतो.

प्रिंटर तरीही रुसलेलाच. तो वेगळा अध्याय.
दोन्ही टोकांना चिठ्ठ्या लावल्या, उद्या येणाऱ्याला
भिंतीच्या आतलं दिसणार नाही म्हणून,
आणि कॅमेरा हिरव्या दिव्याकडे वळवला.

बाबांनी पाहिला. कडेच्या टोकाचा विषय काढला नाही.
"किती घेणार?"
मी बोटं दाखवली.
त्यांनी ती वाचली, दोनदा,
आणि म्हणाले, "कमी घेतेस."