वाऱ्याला दमवायचं

भिंत बांधून झाली, तेव्हा मी चाळीस टोमॅटो लावले.
तिसऱ्या दिवशी वारा भिंतीवरून उडी मारून आला
आणि अलीकडे उताणा पडला, नेमका रोपांवर.
रामिरो म्हणाला, आणखी दोन थर चढवू.

मी पिकअप काढली.
अठ्ठावीस किलोमीटर, म्हाताऱ्या आन्तिलेफच्या रोपवाटिकेपर्यंत.
तो फांद्या छाटायच्या कात्रीनं नखं काढत बसला होता.
सगळं ऐकून म्हणाला,
"अडवू नको बाई. दमव त्याला.
अर्धा आत येऊ दे, अर्ध्याला पानं मोजायला लाव."

युकॅलिप्टसला हात लावला, तर मान हलली:
एका जूनच्या थंडीत काळा पडेल.
पाईन? तो म्हातारपणी खालून उघडा पडतो,
परकर खोचून ओढा ओलांडणाऱ्या बाईसारखा,
आणि वाऱ्याला तेवढंच हवं असतं.

मग दिलं ते हे: सगळ्यात पुढे झाऊ,
धूळ खाऊन, मीठ खाऊन काही न बोलणारा.
त्यामागे पॉपलरच्या काड्या, पेन्सिलीएवढ्या.
"घाईच्या माणसांसाठी."
आणि ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले सहा सायप्रस.
"यांना पंधरा वर्षं लागतील."
मी एकसष्टची.
त्यानं वय विचारलं नाही. पैसे मात्र पाचाचेच घेतले.

ऑगस्ट सरता सरता जमीन सैल झाली.
रामिरो भिंतीला पाठ टेकून माते पीत होता,
मग उठला, पहार घेतली. बोलला नाही.
सुतळी ताणली. दोन-दोन पावलांवर खड्डे,
दुसरी ओळ पहिलीच्या फटींसमोर.
मधेच चार पावलं मोकळी सोडली त्यानं.
"रस्ता दिसायला हवा."

रस्ता म्हणजे नाहुएल,
तेलविहिरींवर गेलेला,
चार वर्षांत दोनदा आलेला.

दोन उन्हाळ्यांनी वाऱ्याला ती फट सापडली.
लेट्यूसची पानं कुंपणाच्या तारेला फडफडताना दिसली,
कोणीतरी वाळत घातल्यासारखी.
मी काही म्हटलं नाही. फट माझी नव्हती.

आन्तिलेफच आला एकदा, रोपं बघायला म्हणून.
चार पावलं चालून पाहिली, रस्त्याकडेही पाहिलं.
"बुजवू नका," म्हणाला,
"आतून एक तिरकी ओळ लावा.
माणूस वळून येतो.
वाऱ्याला वळायचा कंटाळा."

आता सहावं वर्ष. पॉपलर छपराच्या वर गेलेत,
सायप्रस अजून माझ्या कमरेशी.
भिंतीच्या विटा उतरवून वाफ्यांना कड केली.
रामिरो खिडकीतली खुर्ची जराशी सरकवून बसतो,
तिथून तिरक्या ओळीच्या कडेनं रस्ता दिसतो. थोडासा.

काल रात्री मला झोप येईना.
स्वयंपाकघरात काहीतरी टकटकत होतं.
उठून पाहिलं: घड्याळ.
त्याला हलवून विचारलं,
हे नेहमीच वाजायचं का रे?

"चावी तर मी रोज देतो," तो म्हणाला
आणि कूस बदलली.