कंताबला वीस मिनिटं

कागदावर छापलंय: कंताब, मच्छीमारांचं गाव, वीस मिनिटं.
त्यातली सहा घाटाच्या शेवटच्या वळणावरच जातात.
तिथून समुद्र एकदम समोर येतो
आणि अख्खी बस उजवीकडे कलते.
मी माईकमधून म्हणतो, आता उजवीकडे बघा.
बघायचं कोणी राहिलेलं नसतं.

मस्कत डोंगरामागे गेलं की माझी वाक्यं सुरू होतात.
पूर्वी खजुराच्या झावळ्यांच्या होड्या असत, आता फायबरच्या.
तो कमानीचा खडक, त्याच्याखालून होडी जाते.
माणशी पाच रियाल.
डॉल्फिन दिसतीलच असं नाही.
हे शेवटचं मी जरा हळू म्हणतो.

मग शेळ्या.
वाळत घातलेली तारली कुरकुर चावणाऱ्या शेळ्या.
"अगंबाई, शेळी मासे खाते!"
प्रत्येक फेरीत कोणीतरी हे म्हणतंच,
आणि मी प्रत्येक फेरीत पहिल्यांदा ऐकल्यासारखा हसतो.
पगारात धरलेलं आहे ते.

खलफान वाळूत मांडी घालून जाळं शिवत बसलेला असतो.
फोटो संपेपर्यंत मान वर करत नाही.
एकदा मोडक्या उर्दूत मला म्हणाला,
इद्रिस, तुझी माणसं येतात तेव्हा मी
जिथं भोक नाही तिथंच शिवतो.
खऱ्या भोकाला वेळ लागतो.

आजचा गट पनवेलचा. बावीस जण,
टोप्या एकसारख्या पिवळ्या.
त्यात गोमती नाखवा, मोऱ्याच्या, वय एकाहत्तर,
पायात लेकीनं घेतलेले पांढरेशुभ्र बूट.
बस कलली तेव्हा या एकट्या सरळ बसलेल्या.
खाली उतरल्या, बूट काढून बसच्या पायरीवर ठेवले
आणि ताडपत्रीवरच्या सुरमईपाशी जाऊन
अंगठ्यानं कल्ला उचलला.

"कालची हाय."

खलफानला मराठी येत नाही.
"अल-यौम!" तो ओरडला. आजची.
त्यांनी माशाच्या डोळ्यावर बोट ठेवलं
आणि त्याच्याकडे बघितलं, नुसतं बघितलं.
मी मध्ये उभा, दुभाष्या.
मला कोणी काही विचारलं नाही.

मग तो हसला. बर्फाच्या पेटीतून,
खालून, फडक्याखालून
घरासाठी ठेवलेली दुसरी काढली.
त्यांनी वास घेतला, मान हलवली, परत दिली.
"घ्यायची नाय मला. हॉटेलात कुठं शिजवू?"
हेही मी सांगितलं नाही. त्याला कळलं होतं.

तिकडे बाकीचे कमानीच्या खडकासमोर
तीन-तीन जण उभे राहत होते.
इकडे गोमतीबाई वाळूत बसल्या,
त्याच्या मांडीवरचं जाळं आपल्याकडे ओढलं,
चाचपत गेल्या, एकेक वीत पुढे,
बाजारात नाणी मोजावीत तशी बोटं,
आणि एका जागी थांबून
करंगळी, मग अख्खी मूठ आरपार घातली.
"हितं."

खलफाननं घातलेले टाके पुन्हा उसवले.
सुई तिथं नेली.
आणि पहिल्यांदा, माझ्या आठ वर्षांच्या फेऱ्यांत पहिल्यांदा,
मी त्याला भराभर शिवताना बघितलं.
त्याचा फोटो कोणी काढला नाही.
मीही नाही.

ड्रायव्हरनं तीनदा हॉर्न दिला.
चौतीस मिनिटं झाली होती.
नोंदीच्या वहीत मी वीस लिहिली.

बसमध्ये कुणीतरी ओल्या रुमालांचं पाकीट पुढे केलं.
"राहू दे," म्हणाल्या, आणि दोन्ही हात
मांडीवर उताणे ठेवून बसल्या.
पुढच्या दोन रांगांनी खिडक्या शोधल्या,
त्या बसला उघडत नाहीत.

घाट चढताना त्यांनी मला खुणेनं बोलावलं.
"तू कुठला?"
"बाणकोटचा."
"खाडीचा का?"
"खाडीचा."
थोडं थांबून म्हणाल्या,
"मग तिथं कोण दाखवतो रे लोकांना?"

थोरला भाऊ दाखवतो.
त्याची होडी निळी आहे, चार लाइफ जॅकेटं आहेत,
आणि डॉल्फिनचं वाक्य
तोही हळूच म्हणत असणार.
पण वळण आलं होतं,
मी माईक तोंडाशी धरला
आणि म्हटलं, आता डावीकडे बघा.