शून्य वेळा

रुवीत, घड्याळांच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर
मंडळाची खोली. आठ कपाटं, एक एसी,
आणि मी.
आठवडाभर कंपनीच्या सिमेंटच्या गोण्या मोजते,
शुक्रवारी संध्याकाळी पुस्तकं.

यंदा खरेदीला एकशे दहा रियाल मंजूर.
पण खरी अडचण रियालची नाही, किलोंची आहे.
सुट्टीवरून परतणाऱ्यांच्या बॅगेत
लोणचं, कुळथाचं पीठ, आईनं शेवटच्या क्षणी कोंबलेलं काहीबाही
यातून जी फट उरते, तेवढीच आपली.
चौदा माणसं, माणशी दोन किलो.
वर्षाला अठ्ठावीस किलो मराठी.
चूक परवडत नाही.

म्हणून तीन वर्षांचं रजिस्टर
रात्री जागून एक्सेलमध्ये चढवलं.
रहस्यकथा सर्वांत पुढे, रमजानात दुप्पट.
पाककृती दिवाळीच्या तोंडावर जातात,
हळद लावून घेऊन परत येतात.
मुलांची पुस्तकं आया नेतात, आयाच आणतात,
सातव्या पानानंतर करकरीत.
कविता: वर्षाला तीन.
तिन्ही वेळा सही माझी.

आकडे खोटं बोलत नाहीत,
पण विचारल्याखेरीज तोंडही उघडत नाहीत.
काही मागून, न मिळून, जिना उतरून गेलेल्यांना
रजिस्टरात जागाच नव्हती. एक रकाना वाढवला.
पहिल्याच महिन्यात सतरा जण.
त्यातल्या नऊ जणांना हवं होतं
घर बांधण्याविषयी काहीतरी;
पाया गावी, सूचना इथून, फोनवरून.

हरवलेली एकवीस.
देवपुजारींनी अहवालात लिहिलं: नुकसान.
मी तारखा लावून पाहिल्या.
सोळा पुस्तकं नेली गेली
व्हिसा संपायच्या शेवटच्या आठवड्यात.
वीस वर्षांचा संसार तीस किलोंत बसवताना
कुणी आमचं पुस्तक आत ठेवलं
आणि स्वतःचं काहीतरी बाहेर काढलं.
याहून मोठी शिफारस कुठली?
सोळाच्या सोळा पुन्हा मागवली.

मग गाळणी. एकदाही न गेलेली बेचाळीस.
यादी छापून कपाटांपुढे उभी राहिले.
तळच्या फळीवर विहिरींविषयीचं एक जाडजूड पुस्तक,
देणगीत आलेलं, वजन सव्वा किलो.
नेलं: शून्य वेळा.
बाहेर ओढलं तर वर धूळ नाही.
आत लाल वायरचा तुकडा, पान चाळीस.

यादी बाजूला ठेवली, पुस्तकही जागच्या जागी.
मे महिन्यात वायर एकसष्टवर.
जुलैत चौऱ्याऐंशी.

सप्टेंबरात शुक्रवारी लवकर गेले.
सलाउद्दीन खोत, मूळचे हर्णैचे,
स्टुलावर नाही, स्टुलाशेजारी जमिनीवर बसलेले,
खिडकीत एसीची जाळी निथळत.
दचकून उठले. "फिल्टर सुकेपर्यंत जरा," म्हणाले.
सभासद नाहीत. कॅम्प पार रुसैलला,
न्यायचं तर परत आणायचं कधी?
गावची विहीर खारी झाली आहे,
एवढं सांगून जाळी बसवू लागले.

फिल्टर सुकायला वीस-पंचवीस मिनिटं.
म्हणजे वीस-पंचवीस पानं.
हे गणित कुठल्या रकान्यात घालू?

समितीच्या तक्त्यात लिहिलं: ठेवणे.
कारण: कोरं.
देवपुजारी विचारतील, विचारू देत.

आज पाहिलं, वायर एकशे सहावर आहे.
नवं प्रकरण नुकतंच सुरू झालंय:
गोडं पाणी कसं ओळखावं.
पुढची सर्व्हिसिंग नोव्हेंबरात.
एसी ठणठणीत, मी शाल पांघरून बसलेय.
तशीच उठले, मालकाच्या कचेरीत फोन लावला:
"अहो, पाणी ठिबकतंय.
माणूस पाठवा लवकर.
हो, तोच. तोच पाठवा."