कठडा

फादर, दार लावायच्या आधी एक सांगतो.
तक्रार नाही. समजा हवं तर तक्रार.

माझ्या बापानं, सांतान खंडारेनं,
या चर्चचा कठडा केला होता.
धारणीकडचा साग, पंचेचाळीस खुंट्या,
लोखंडाचा खिळा एकही नाही.
गाव तिथे गुडघ्यावर यायचं, जीभ पुढे करायचं,
अन् लुशाबाबा या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा,
चिमणी पिलांले भरवते तसा.
मी मागून हनुवटीखाली तबकडी धरून,
कण सांडू नये म्हणून.
एक कण. तेवढ्यासाठी तबकडी होती, फादर.

लॅटिन मले येत नव्हतं. पाठ होतं.
तो "ओरेमुस" म्हणायचा,
मले मूस ऐकू यायची,
परतवाड्याच्या सोनाराची, लालबुंद झालेली.
वाटायचं, आता वितळणार सगळे,
ढाण्यातले कोरकू, गावातले आम्ही,
वरच्या आळीचे, खालच्या आळीचे.
पुढे सगळं मराठीत आलं तेव्हा समजलं,
"प्रार्थना करू या", एवढाच अर्थ होता.
समजलं, अन् विस्तव विझला.

अमरावतीहून पत्र आलं तेव्हा मी अकरा वर्षांचा.
बापाले म्हणाले, सांतान, तूच बसवला, तूच काढ.
त्यानं काढला. हातोडी लागली नाही,
खुंट्या ओळखीच्या होत्या.
त्या रात्री जेवला नाही तो.
माय म्हणाली, बरं झालं बाई,
आता मिस्सा समजते तरी मले,
आजवर नुसते मणी ओढत होती.
माय खोटं बोलली, असं मी म्हणत नाही.

मग वेदी पुढे ओढली, फादर आमच्याकडे वळला.
आधी तो धुरकऱ्यासारखा होता:
पाठ आमच्याकडे, तोंड गाडी जाते तिकडे.
धुरकऱ्याच्या पाठीचा कोणाले राग येते?
आता मधात टेबल, पलीकडे तुम्ही,
सोसायटीतल्या बाबूसारखे.
रागावू नका. तुम्ही चांगले आहात,
नावानं हाक मारता, म्हाताऱ्यांचं बीपी विचारता.
पण गाडी कोण हाकून राहिलं?

कठडा थॉमस गवईनं नेला, शेळ्यांच्या कोठ्याले.
अजून आहे. शिंगांनी घासून गुळगुळीत झाला,
सांध्यातून हलला नाही.
तिथून जाताना माझी मान आपोआप झुकते.
शेळ्यांले वाटते, पाला आणला.

रात्री मेणबत्त्या मोजून झाल्या की
मी वेदीच्या अलीकडे उभा राहतो,
बाकांकडे पाठ करून.
परवा नातवानं पाहिलं. विचारते,
आबा, भिंतीशी काय बोलता?
भिंतीवर टाइल, टाइलवर कबुतर,
बाजूले ट्यूबलाइट, तिच्यात मेलेले किडे.
म्हटलं, खिडकी होती तिथे.
उगवतीची.

लावू का दार?