सहाचाकी, आठचाकी

देवळाली कॅम्पात, केरसीच्या शेडखाली दोघी.
सहाचाकीचं इंजिन पहिल्याच दोरीला खोकलं,
पण तळ असा, की आत वाकलं
तर खालची कोंबडीची पिल्लं दिसतात.

आठचाकी मुकी.
साखळ्या गंजून एकजीव, पिस्टन जाम.
टब मात्र बोटानं वाजवला
तर पक्क्या मडक्यासारखा.

केरसी म्हणतो, "चालणारी घे नी, डिकरा."

एकतीस वर्षं सातपूरला लेथवर काढली.
पिस्टन मला घाबरतात.
पाणी नाही घाबरत.

दुतोंड्याच्या छातीला गोदा लागली त्या साली
सायखेड्याला मावशी दोन रात्री पत्र्यावर होती,
आणि माझ्या दारात
चालणारी मोटरसायकल.

मुकीला टेम्पोत चढवली.
केरसीनं पैसे मोजले, पुन्हा मोजले,
मग काही न बोलता
मागून एक वल्हं टाकलं.