आवाज फुटला

सत्तेचाळिसाव्या वर्षी माझा आवाज फुटला,
मिसरूड फुटणाऱ्या पोराचा फुटतो तसा.

हर्णैच्या पुळणीवर संध्याकाळचा लिलाव.
सुरमईच्या वाट्यावर मी बोली लावली
तर पावसेंची सुलभी मागे वळून बघते,
कोण बाप्या बोलला म्हणून.

गेल्या शिमग्याला रक्त साडेचार होतं.
कुठंही बोट टेकलं की निळं उठायचं,
टोपलीत माकुळाची शाई फुटावी तसं.
डेरवणला कमरेच्या हाडात सुई घातली.
डॉक्टरीण म्हणाली, मगज रिकामा आहे, मावशी.
मी म्हटलं, ते आमचे हे आधीपासून सांगायचे.
ती हसली नाही.

म्हणाली, एक गोळी आहे, जुनीच.
स्टेरॉईड म्हणतात, पण दम्यावरचं ते नव्हे.
पुरुषाच्या अंगात जे आपसूक पाझरतं
त्याची कारखान्यात केलेली नक्कल.
हाडाला हाक मारते.
हाड कधी ओ देतं, कधी देत नाही.
लिव्हर दर महिन्याला तपासायचं.
आणि आवाज जाईल. गेला की परत येत नाही.

मासळी विकायला आवाज लागतो, मी म्हटलं,
बाईचाच लागतो असं कुठाय?

आता रक्त नऊ.
बर्फाचं घमेलं एकटीनं उचलते.
ओठावर लव आली आहे, खारं वारं तिच्यात अडकतं.

भाचा हर्षद दापोलीला जिममध्ये जातो.
असलंच काही टोचून घेतो, कुणाकडून, सांगत नाही.
परवा म्हणाला, आत्ये, एक पत्ता दे ना.
मी त्याचा दंड दाबला.
जाळ्यात आलेला केंड असाच फुगतो,
आणि त्याला गिऱ्हाईक नसतं.
मेल्या, तुझं रक्त चौदा,
भरल्या विहिरीत कळशी कसली ओततोस?
तो रुसून गेला.
तेव्हापासून पत्ता तांदळाच्या डब्यात, तळाशी.
रोज मोजते.

काल पनवेलला लेकीला फोन लावला.
हॅलो म्हटलं.
पलीकडं कितीतरी वेळ नुसता पंख्याचा आवाज.
मग ती हळूच म्हणाली,
बाबा?

सहा वर्षं झाली होडी आली नाही त्याला.
मी घसा खाकरला,
तर आणखीच त्यांच्यासारखा झाला.

मी आहे गं, म्हटलं.
बांगडा उतरलाय.
येताना जाड पिशवी आण.