उलटा एन

एकतीस वर्षं मोजणी खात्यात काढली.
धुऱ्यावरून पेटलेले सख्खे भाऊ
टेपच्या दोन टोकांना उभे करून
वितीवितीचा निवाडा केला.
इथे हद्दीवर कोणी हरकत घेत नाही.
सहा फूट दोन इंच, पूर्व-पश्चिम, लिहितो;
शेजारचा गप्प असतो.

परतवाड्याकडे जाताना सपन ओलांडली की
डाव्या हाताला, संत्र्याच्या बगिच्यामागं
गोऱ्यांचं कब्रस्तान.
फाटकाचं लोखंड कधीच भंगारात गेलं,
खांब उरले, त्यातल्या एकाला कोणाची तरी म्हैस.
अनस रायमुनियात कोयता घालून वाट करतो,
मग मोबाईल तिरपा धरून फोटो काढतो.
ऊन आडवं असलं की झिजलेली अक्षरं वर येतात,
नऊ वाजले की पुन्हा दगडात जातात.
म्हणून आम्ही सहाला येतो.

एकूण चव्वेचाळीस. वाचता येतात सत्तावीस.
लढाईत पडलेले दोन.
बाकी हगवण, ताप, पटकी,
एक विहिरीत, एक 'अचानक'.
मी रकाना आखला होता, युद्धात मृत.
त्यातलं युद्धात खोडलं.

बेंजामिन हॅनफर्ड, शिपाई, वय एकोणीस.
माझा नातू एकोणीसचा, अजून ओला टॉवेल
पलंगावर टाकतो.
ह्याच्या नावात तीन एन, तिन्ही उलटे,
आरशात पाहून कोरल्यासारखे.
आधी वाटलं, माझा चष्मा.
अनस म्हणाला, सर, त्या कोपऱ्यातल्याचेही.

अकरा दगडांवर तोच हात.
साहेबानं कागदावर काढून दिलेलं नाव
काळ्या दगडात उतरवणारा कोणी बेलदार,
ज्याला एन म्हणजे एक उभी काठी, एक तिरकी, एक उभी.
तिरकी कुठून कुठे झुकते
हे त्याला कोणी सांगितलं नसावं,
किंवा ज्यानं सांगायचं
तोच खाली होता.

नमुन्यात पाथरवटासाठी रकाना नाही.
समासात लिहून ठेवलं: उ. एन.

नळ जातो त्या दिवशी
गुंफाबाई बगिच्याच्या विहिरीवर धुणं आणते.
"काय मोजून राह्यले भाऊ, मेलेल्याइले?"
नावं लिहितो, म्हटलं.
"मंग ह्या गोट्याचंबी लिहा.
माह्या हाताले रोज टोचते."

तिनं बादली ओतली. फेस वाहून गेला.

नाव नव्हतं.
साल नाही, क्रूस नाही.
नुसते एन, ओळीनं,
पोर पाटीवर गिरवतं तसे.
पहिले सात उलटे.
आठवा पार आडवा पडलेला.
मग तीन पुन्हा उलटे,
एकावर छिन्नीचा घाव, तो रागाचाच.
आणि अगदी कडेला, जागा संपता संपता,
सरळ.

अनस चप्पल सोडून पळाला
खांबाजवळच्या तुटक्या दगडाकडे,
ज्याचं साल गावात कोणाच्या तरी पायरीला गेलंय.
तिथून ओरडला, सरळ आहे सर, सरळ आहे!
म्हणजे हा हॅनफर्डच्या नंतर गेला.
सिद्ध एवढंच होतं.
सालाच्या रकान्यात मी आकडा घातला नाही,
लिहिलं: शिकल्यानंतर.

"हा गोटा उचलून नेता का काय?"
गुंफाबाईनं विचारलं, हातात पिळा तसाच.
नाही, म्हटलं.
"मंग सरका. ऊन चढून राह्यलं."

तिनं ओली गोधडी दगडावर आपटली,
माझ्या वहीवर चार थेंब.
पानावर शेवटची ओळ शिल्लक होती.
क्रमांक पंचेचाळीस.
नाव: माहीत नाही.
मृत्यू: इथे नोंद नाही.
दगडाची स्थिती:
वापरात.